बंगल्याची मागची बाजू

मंगळवेढा

चिपळूणहून मंगळवेढ्याला कुणी हौसेने जात नाही. मीही हौसेने गेले नाही. वसंतरावांना, म्हणजे माझ्या यजमानांना, गेली काही वर्षं विसरायला होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग माणसांची नावं, मग दुपारचं जेवण झालं की नाही ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि मला म्हणाले, तुम्ही स्वतःला जपा. ते कसं करायचं असतं ते मात्र सांगितलं नाही. दिवेलागणीला वसंतराव चपला घालून दारात उभे राहायचे. "चला, बंगल्यावर जायचंय." मी त्यांना आत आणायचे, चपला काढायचे. थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेवटी वाटलं, एवढं म्हणतात तर एकदा नेऊनच आणावं. यात माया किती आणि कंटाळा किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

तो बंगला आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता आणि पाहिला कुणीच नव्हता. वसंतरावांचे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. तळ्याच्या काठी दगडी बंगला, चारी बाजूंनी व्हरांडा, दारांना रंगीत काचा, जेवणाच्या टेबलावर छताला टांगलेला कापडी पंखा, निळ्या काठाच्या बश्या, थंडीत तळ्यावर उतरणारे पक्षी. मुलाला आईवडील नाहीत हे माझ्या वडिलांनी चालवून घेतलं ते याच्याच जोरावर. मुलगा ओव्हरसियरचा, बंगल्यात वाढलेला. माझ्या शिवणाच्या क्लासमधल्या मुलींना मी तो बंगला इतक्या वेळा सांगितला असेल, की कुणाला वाटावं तो माझ्याच माहेरचा. "एकदा दाखवा की," म्हटलं की वसंतराव म्हणायचे, "आता तिथे काय उरलंय?" बँकेतली नोकरी, मुग्धाचं शिक्षण, एकामागून एक पावसाळे. राहून गेलं.

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एसटी बदलताना यांचा हात सोडायचा नाही, एवढंच माझं प्रवासवर्णन. मंगळवेढ्याला उतरलो तेव्हा पाठ मोडून आली होती.

जानेवारी होता. आमच्याकडे आभाळ झाडांच्या मधूनमधून दिसतं, तुकड्या तुकड्याने. इथे ते जमिनीपासून जमिनीपर्यंत पसरलेलं, आणि खाली काळ्या रानात उभी ज्वारी. डोळ्याला अडायला काही नाही. इतकं मोकळं मला सोसेना, मी लॉजच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. तेवढ्यात वसंतरावांनी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली आणि ती कशी काढायची ते विसरले. मी बाहेरून सांगतेय, आतून नुसतं नळाचं पाणी. शेवटी लॉजचे मालक स्टुलावर चढले आणि वरच्या झरोक्यातून बोलायला लागले.

"काका, दम खावा. हात कडीवर ठिवा. आता डाव्या अंगाला सारा. गडबड न्हाय."

यांनी सारली. बाहेर आले ते भिजलेले आणि हसरे. मालक मला म्हणाले, "आमच्या वडलांचं बी असंच व्हतं, ताई. चालायचंच." मी त्यांना धन्यवाद म्हणायलाही विसरले.

जेवायला जवळच्या खानावळीत गेलो. ज्वारीची कडक भाकरी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माझ्या कोकणी दातांना ती भाकरी म्हणजे पत्रा. मी एक कोपरा घेऊन कुरतडत बसले आणि भात आहे का विचारलं. वसंतरावांनी मात्र भाकरी ताटात ठेवून मुठीने चुरली, वर माडगं ओतलं, पाची बोटांनी कालवलं आणि जेवले. ज्या माणसाने आमच्या घरी इतकी वर्षं भाताच्या मुदीला वरणाचं आळं नीट पडलं नाही तरी तोंड वाकडं केलं, तो माणूस. मी बघत राहिले. दमले होते, फार विचार केला नाही.

तळ्याकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठरवली. चालवणारा नागनाथ, तिशीतला, बोलका. गावाचं नाव बोरटेक. "बंगला बगायला?" त्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. "कोण जात न्हाय आता तिकडं. किल्ली हिराबाईकडं असती. तिचा मालक चौकीदार व्हता, तो गेला, किल्ली तिच्याकडंच ऱ्हायली. मागायला बी कोण आलं न्हाय."

"कुणी बांधला तो?"

"गोऱ्या सायबानं. त्याच्या मडमेला हितलं ऊन सोसना, म्हणून आदी तळं खांदलं, मग काठाला बंगला."

बायकोला ऊन लागतं म्हणून तळं खणणारा नवरा. मला हसू आलं. त्या दिवसातलं माझं हसू तेवढंच.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी पुरुषभर उंच, कणसं भरत आलेली. मधून पडीक माळ, त्यावर मेंढरं, आणि त्यांच्या मागे पिवळा फेटा बांधलेला एखादा धनगर, काठीवर हनुवटी टेकून आमच्या गाडीकडे बघत. आमच्याकडे घर दिसत नाही, आधी त्याचं कुत्रं भुंकतं. इथे बंगला कितीतरी आधी दिसला आणि मग कितीतरी वेळ येईनाच. टेकाडावर चार कडुनिंब, त्यांच्यात लाल कौलं.

"अहो, तो बघा बंगला," मी म्हटलं.

वसंतरावांनी पाहिलं. सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून घेतली.

तळ्यात पाणी फार नव्हतं. बांधाच्या कडेने निळसर पट्टा, बाकी गाळ, आणि त्या गाळातही ज्वारी पेरलेली. दोनचार बगळे होते. बंगला माझ्या मनातल्या बंगल्याच्या निम्माही नव्हता. एका कोपऱ्यावरची कौलं गेलेली, व्हरांड्याचे खांब मात्र सरळ उभे. समोर घडीव दगडाच्या रुंद पायऱ्या. मी यांचा हात धरून पायऱ्यांकडे निघाले, तर त्यांनी हात सोडवून घेतला.

ते डावीकडे वळले. बंगल्याच्या कोपऱ्याशी थांबले, वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने अनवाणी मागे निघाले. मला वाटलं, लघवीला जायचं असेल. मी मागोमाग गेले. काळ्या मातीच्या ढेकळात माझीच चप्पल अडकून तिचा अंगठा तुटला.

मागची बाजू

मागे बैठ्या तीन खोल्यांची रांग होती आणि वेगळं स्वयंपाकघर, धुरांडं असलेलं. तिथून बंगल्याच्या मागच्या दारापर्यंत पत्र्याने झाकलेली वाट. अंगणात शेरडं. एक बाई उकिडवी बसून करडाला बाटलीने दूध पाजत होती. साधारण यांच्याच वयाची, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. नागनाथने सांगितलेली हिराबाई हीच.

"कोण पायजे?"

"बंगला बघायचा होता," मी म्हटलं. "यांचं लहानपण इथे गेलंय."

तिने बाटली खाली ठेवली. उठून जवळ आली आणि परक्या बाईने परक्या पुरुषाकडे बघू नये इतक्या जवळून तिने यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"वसा न्हवं?" ती म्हणाली. "शंकर खानसाम्याचा वसा."

मी म्हटलं, "तुमचा काहीतरी घोळ होतोय. यांचे वडील ओव्हरसियर होते."

"वरशेर लई आले न् गेले, बाई. ह्यो खानसाम्याचा. ह्या मदल्या खोलीत जलमला. माझ्या आयनं नाळ कापली त्याची." तिने सरळ यांची बाही वर सारली. "ह्ये बगा. कोपराच्या वर भाजल्यालं हाय. सायबाच्या आंगूळीचं पाणी नेताना सांडलं व्हतं."

तो डाग मी संसारभर पाहिला होता. दिवाळीत व्हरांड्यावर फटाके उडवताना भाजलं, असं आमच्याकडे सांगितलेलं होतं.

मी खाली बसले. कुठे ते बघितलंही नाही, एक दगड होता बहुतेक. रडू आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. डोळ्यांसमोर कोण कोण आलं: माझे वडील, शिवणाच्या मुली, मुग्धाच्या लग्नात व्याह्यांना बंगल्याची गोष्ट रंगवून सांगणारे वसंतराव आणि शेजारी मान डोलावणारी मी. आणि आता भांडायला समोर माणूसच नव्हता. जो खोटं बोलला तो केव्हाच निघून गेला होता. माझ्या वाट्याला त्याच्या चपला काढणं उरलं होतं.

हिराबाईने तांब्याभर पाणी आणून दिलं. माझं काय बिनसलंय ते तिने विचारलं नाही. ती आपणहून बंगल्याचंच सांगत बसली, माणसाला सावरायला वेळ द्यावा तसं.

मडम वगैरे कुणी नव्हती, असं ती म्हणाली. मोठा दुष्काळ पडला होता, लोक पाला खायला लागले, तेव्हा सरकारने तळ्याचं काम काढलं. तिचा आजा आणि आजी दोघं मातीच्या पाट्या वाहायला होती. गोरा साहेब तंबूत राहायचा. बांध पुरा झाला तेव्हा घडवलेला दगड उरला, त्याचा हा बंगला. "म्हणून आमी म्हणतो, भुकेच्या दगडाचा हाय." पुढे गोरे गेले आणि आपले साहेब आले. तळ्यावर बदकं मारायला यायचे, दोन दोन दिवस राहायचे. शंकर खानसाम्याच्या हातचं मटण खायला कुठून कुठून जीपगाड्या यायच्या. अंडी घालून गोड काहीतरी करायचा, हलतं, पिवळं. उरलं तर पोरांना मिळायचं. मग मोठ्या धरणाचं पाणी दुसरीकडून आलं, तालुक्याला नवं विश्रामगृह झालं, तळं गाळाने भरलं. काही वर्षं बंगल्यात शाळा भरली. एका दुष्काळात छावणीतल्या जनावरांचा कडबा रचला. रंगीत काचा कुणी काढून नेल्या ते तिला माहीत होतं, पण नाव घेतलं नाही.

"आणि पंखा?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"व्हता की. दांडीला कापड लावल्यालं. दोरी भितीच्या भोकातनं भाईर. उन्हाळ्यात सायेब दुपारचा निजला की वसा भाईर बसून वढायचा. हात दुखलं की पायाच्या अंगठ्याला बांदायचा. डोळा लागला की आतनं शिवी यायची."

वसंतरावांच्या गोष्टीत पंखा नेहमी वारा घालत असे. तो हलतो कसा, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

वसंतराव या सगळ्या वेळात स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, चपला हातातच.

"आतून बघायचाय मला," मी म्हटलं. हिराबाईने किल्ली आणली. ती मागच्या दाराकडे वळली, पण मी म्हटलं, "नाही, पुढून."

पुढचं दार उघडलं. आत वटवाघळांचा वास, भिंतींवर शाळेतली बाराखडी, छताला दोन लोखंडी कड्या. कड्यांच्या खाली समोरच्या भिंतीत एक गुळगुळीत भोक, त्यातून बाहेरचा उजेड येत होता. व्हरांड्यात एक मोडकी आरामखुर्ची उरली होती, वेताची बैठक फाटलेली. वसंतराव पायऱ्यांच्या खाली थांबले होते. आणि मग मी ते केलं, जे आठवलं की अजून नको नको होतं. खाली उतरले, त्यांचं मनगट धरलं, ओढत पायऱ्या चढवल्या आणि त्यांना त्या खुर्चीशी नेलं.

"बसा," मी म्हटलं. "तुमचाच बंगला ना? बसा की."

ते बसले. कडेवर, पाठ न टेकता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. मग एकदम उठले. "साहेब येतील," ते हळूच म्हणाले. "साहेब येतील ना. चला इथून." आणि मला, आपल्या बायकोला, ते पायऱ्यांवरून घाईघाईने खाली न्यायला लागले. स्वतःसाठी घाबरले नव्हते ते. मी व्हरांड्यात सापडेन म्हणून घाबरले होते.

हिराबाई सगळं बघत होती. तिने पुढे होऊन यांचा दुसरा हात धरला. "न्हाय येत कोण सायेब आज. चल वसा, माघारी जाऊ."

आम्ही तिघं मागे आलो. स्वयंपाकघरात तिची चूल पेटलेली होती. तिने भाकरी थापली, दही वाढलं, शेंगदाण्याचा ठेचा. वसंतराव उंबऱ्याशी जमिनीवर मांडी घालून बसले. खुर्चीत बसताना त्यांचे गुडघे कुरकुरतात, इथे आवाजही झाला नाही. मीही त्यांच्या शेजारी टेकले. नागनाथला हाक मारली, तोही जेवला आणि गाडीत जाऊन आडवा झाला.

अर्धी भाकरी झाल्यावर वसंतराव मान वर करून म्हणाले, "हिरे, शेरडं बांदली का?"

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे यांचं बोलणं इतकं शुद्ध, की शेजारचे मुलांना म्हणायचे, काकांसारखं बोला.

"बांदली की," हिराबाई म्हणाली. तिचा हात पिठातच थांबला.

"कुटं?"

"लिंबाखाली."

"तितं नगं. लांडगा येतुया."

"आता लांडगं न्हायती रं."

"हायती. म्या बगितला. बांदावर हुबा व्हता."

"मग आणते हिकडं," ती म्हणाली, आणि खरोखरच उठली, शेरडं सोडून आणली आणि खोल्यांच्या पुढ्यात बांधली. वसंतरावांनी ती एक एक करून पाहिली आणि मग उरलेली भाकरी खाल्ली. दोघं थोडा वेळ असं काही बोलत राहिली. कुणाचं कोकरू, कुठली विहीर, कुणाची म्हातारी. मला अर्धं कळत नव्हतं. लग्नाच्या इतक्या वर्षांनी नवऱ्याच्या तोंडून त्याची स्वतःची भाषा ऐकत मी परक्यासारखी बसले होते. राग होता अजून. पण धरून ठेवायला अंगात बळ नव्हतं, आणि दही फार चांगलं होतं.

जेवण झाल्यावर ते तिथेच, मधल्या खोलीच्या ओट्यावर हाताची उशी करून झोपले. घरी त्यांना झोपवायला गोळी लागते.

ते झोपले तेव्हा हिराबाईने शेवटचं सांगितलं. शंकर खानसामा तापाने गेला, या खोलीतच. आई आधीच गेली होती. नवा खानसामा बायकामुलांसह बाहेर बैलगाडीत बसून होता, खोली रिकामी व्हायची वाट बघत. मामा आला आणि पोराला घेऊन गेला. "पत्र्याची पेटी न् ह्यो. रडला बी न्हाय. म्या बांदापतूर गेले मागनं. वळून बगितलं न्हाय त्यानं."

निरोप

परतायला ऊन कलंडलं. हिराबाईने माझ्या तुटक्या चपलेला सुतळी बांधून दिली आणि एका फडक्यात हुरड्याची कणसं. नागनाथने यांना पुढच्या सीटवर बसवलं. वसंतराव आता पुन्हा पाहुण्यासारखे झाले होते. हात जोडून "बराय, नमस्कार," म्हणाले, बँकेत खातेदाराला म्हणावं तसं. हिराबाई कोण, हे त्यांच्या डोळ्यांत उरलं नव्हतं.

तिच्या ते लक्षात आलं. ती गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आली.

"वैनी, येक इचारू का?"

"विचारा."

"तिकडं कदी माजं नाव काडायचा का ह्यो?"

मी तिच्याकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, आणि मला लवकर निघता आलं असतं. पण त्या दिवशी माझ्याच्याने आणखी एक गोष्ट रचवेना.

"नाही हो," मी म्हटलं. "कधीच नाही."

तिने मान हलवली. वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. पदराने खिडकीच्या काचेवरची धूळ पुसली.

"बराबर हाय," ती म्हणाली. "माजं नाव काडलं असतं, तर समदंच सांगावं लागलं असतं त्येला."

गाडी बांधावरून निघाली. ती हात हलवत वगैरे उभी राहिली नाही. शेरडांकडे गेली.

रात्री लॉजवर मुग्धाचा फोन आला. वसंतराव झोपले होते. ती पुण्याला असते, नोकरीतून तिला येता आलं नव्हतं, त्याची तिला बोचणी. उत्साहाने विचारत होती, बंगला कसा आहे, रंगीत काचा आहेत का, बाबांनी ओळखला का, फोटो का नाही पाठवलास. मी पलंगाच्या कडेवर बसले होते. इतकी दमले होते, की फोन दोन हातांनी धरला होता. नंतर सांगते, असं म्हणता आलं असतं.

"आज हिराबाई भेटल्या," मी म्हटलं.

"कोण हिराबाई?" मुग्धाने विचारलं.

मी उशी पाठीशी घेतली आणि सांगायला लागले.